ऊबखाई

अबुजर शिकलगारनं आपल्या यंत्रांना स्वतःची नावं दिली होती, आणि त्या नावांचा त्याला अभिमान होता.

कंपनीच्या माहितीपत्रकात त्यांची नावं वेगळी होती. एअर सोर्स, वॉटर सोर्स, जिओथर्मल, आणि सगळ्यांचं आडनाव एकच, हीट पंप. पण कोल्हापुरात पंप म्हटलं की गिऱ्हाईक आधी विचारायचं, "किती फुटावरनं पाणी उचलतंय?" हा पंप पाणी नाही, उष्णता उचलतो, हे समजावता समजावता समोरचा चहा निवून जायचा. म्हणून अबुजरनं सोपं करून टाकलं. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो तो 'वाऱ्याचा'. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातली उष्णता घेतो तो 'विहिरीचा'. जमिनीत नळ्या पुरून मातीतली उष्णता वर आणतो तो 'भुईचा'. असा त्यानं उभ्या आयुष्यात एकच पाहिला होता, शाहूवाडीकडे एका हौशी माणसाच्या बंगल्यात, भाताच्या खाचराखाली नळ्या गाडलेला. आणि हिवाळ्यात खोली गरम, उन्हाळ्यात गार करणारा एसी, तो 'दोन तोंडांचा'. ही नावं आधी त्याच्या दुकानात, मग उद्यमनगरात आणि मग पार लॉजवाल्यांच्या तोंडी बसली. लोक फोन करून म्हणायचे, "शिकलगार, आमाला वाऱ्याचा पायजे."

समजावण्याची त्याची रीतही ठरलेली होती. तो गिऱ्हाइकाला उठवून त्याच्याच घरातल्या फ्रिजपाशी न्यायचा. "पाठीला हात लावा. गरम लागतंय न्हवं? ते आतल्या दुधाचं, भाजीचं गरम हाय. आतलं काढून भाईर टाकलंय. आमचा पंप म्हंजे ह्याच फ्रिजची पाठ. ज्याची उष्णता काढली ते गार पडणार, ज्याला दिली ते तापणार. फुकट काय न्हाय, हिकडचं उचलून तिकडं." हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं की ते म्हणताना आता त्याला ते ऐकू येत नसे.

त्याचा आजा दारोदार फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा. बाप लेथवर होता. अबुजर फ्रिजच्या कामात पडला आणि पन्नाशीला टेकेपर्यंत त्याच्या दुकानावर मोठी पाटी लागली. गल्लीतल्या बायाबापड्या त्याला 'इंजिनेर' म्हणायच्या. तो इंजिनिअर नव्हता, पण त्यानं कधी कुणाची ती चूक दुरुस्तही केली नाही.

बयाबाई त्याच गल्लीतली, भिंतीला भिंत लागून राहणारी. अबुजर लहान असताना त्याच्या आईला, खतिजाला, छातीचा आजार झाला आणि तिला मिरजेला दवाखान्यात ठेवावं लागलं. बाप कारखान्यात. तेव्हा तो सगळा हिवाळा अबुजर बयाबाईकडे होता. तिला मूलबाळ नव्हतं. जुन्या लुगड्यांची शिवलेली तिची एक जाड वाकळ होती, मधोमध तिच्या लग्नातल्या शालूचा तांबडा तुकडा. त्या वाकळेत ती त्याला पोटाशी घेऊन झोपायची. गल्लीतली एक जण म्हणाली होती, "बये, मुसलमानाचं पोर अंथरुणात घेतीस व्हय गं?" बयाबाई म्हणाली होती, "पोराला थंडी वाजती. आता थंडीला इचारू व्हय, कुनाच्या पोराला वाजायलीयास म्हनून?" गल्लीत पुढं कितीतरी वर्षं हे वाक्य सांगितलं जायचं.

नवरा गेल्यावर पुतण्यानं बयाबाईचं घर पाडून इमारत बांधायला काढली, आणि बयाबाई कळंब्याला तलावाच्या अंगाला असलेल्या 'मायघर' नावाच्या म्हाताऱ्या बायकांच्या आश्रमात राहायला गेली. तिची ट्रंक अबुजरनंच टेम्पोतून पोचवली. त्याआधी त्याची बायको सबिना म्हणाली होती, "मावशीला आपल्याकडंच आणूया की." अबुजर म्हणाला होता, "बघू." ते बघायचं तसंच राहिलं.

म्हणून मायघरला पाणी तापवायचं यंत्र कुणा देणगीदारानं द्यायचं ठरवलं आणि ते काम अबुजरकडं आलं, तेव्हा त्यानं ते मनापासून घेतलं. निदान मावशीच्या अंगावर रोज गरम पाणी पडेल.

मायघर म्हणजे एक लांब खोली, तिच्यात दोन ओळींनी खाटा. मागच्या बाजूला अरुंद पडवी, तिला बाहेरून लोखंडी जाळी. खोली आणि पडवी यांच्यामधल्या भिंतीत खाटांच्या उंचीवर झरोके. वाऱ्याचा पंप मोकळ्यावर बसवायचा असतो, गच्चीवर. हे अबुजरला पुस्तकात बघावं लागत नव्हतं. पण ते दिवस चैत्राचे होते. स्लॅब तापून खोलीची भट्टी झाली होती, म्हाताऱ्या पदरानं वारा घेत बसलेल्या. अबुजरच्या डोक्यात आलं, हे यंत्र हवेतली उष्णता काढून घेतं आणि गार हवा बाहेर टाकतं. मग ती गार हवा गच्चीवर कावळ्यांना कशाला द्यायची? पडवीत बसवू, पंख्याचं तोंड झरोक्याकडं करू. न्हाणीत गरम पाणी, खोलीत गार वारा. एका विजेत दोन कामं.

आणखी एक कारण होतं, जे त्यानं मनाशीसुद्धा मोठ्यानं म्हटलं नाही. गच्चीवर कोण जातं बघायला? पडवीतून येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा जातो. यंत्राच्या पत्र्यावर त्यानं पेंटरकडून लिहून घेतलं होतं, 'वाऱ्याचा पंप', आणि खाली ठसठशीत अक्षरात, 'अबुजर शिकलगार, कोल्हापूर'.

त्या उन्हाळ्यात त्याच्याएवढं नाव कुणाचं झालं नसेल. दुपारी म्हाताऱ्या झरोक्यापुढं गर्दी करून बसायच्या. व्यवस्था पाहणाऱ्या पूर्णिमाताई आल्या-गेल्याला ते यंत्र दाखवायच्या. झरोक्याला लागून असलेली खाट सगळ्यांना हवी होती, पण ती बयाबाईला देण्यात आली. पूर्वी लक्ष्मीपुरीच्या मंडईत भाजी विकणारी, जिभेनं तिखट चिमणाबाई, तीसुद्धा म्हणाली, "बये, तुज्या पोराचं यंत्र. तूच झोप तितं, राणीसरकारावानी." म्हाताऱ्या त्या यंत्राला 'अबूचा वारा' म्हणू लागल्या. आणि पाहुणा कुणीही असो, बयाबाई खाटेवरून सांगायची, "माज्या पोरानं बसिवलंय."

पावसाळा गेला. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मायघरात सगळ्यांना उटणं आणि हवं तेवढं कढत पाणी. त्या दिवशी अबुजर फराळाला गेला होता. पूर्णिमाताई म्हणाल्या, "तळ्यावरनं वारं झोंबायला लागलंय हो पडवीतून." अबुजरनं चकली खाता खाताच टेम्पोतली ताडपत्री काढली आणि पडवीच्या बाहेरच्या जाळीला गच्च बांधली. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मागायचे नव्हते. आपणहून केलेलं काम म्हणून त्याला त्या गाठीसुद्धा सुंदर वाटल्या.

आता यंत्राला बाहेरची हवा मिळायची बंद झाली होती. ते झरोक्यांतून खोलीतली हवा ओढत होतं, तिच्यातली उष्णता पाण्याला देत होतं आणि उरलेला गारठा परत खोलीत फेकत होतं. हे त्याला दिसायला हवं होतं. फ्रिजच्या पाठीला लोकांचे हात लावणाऱ्या माणसाला हे दिसायलाच हवं होतं.

मार्गशीर्षात पूर्णिमाताईंचा फोन आला. पाणी कोमट येतंय, आणि बायकाही काहीबाही बोलतायत, येऊन बघा. अबुजर गेला तर यंत्राच्या तोंडावर वाकळ टाकलेली. तांबडा तुकडा त्यानं ओळखला, पण तो आधी चिडला.

"हे कुनी केलं? गुदमरंल की यंत्र. ह्यानंच पानी कोमट येतंय."

"गुदमरू दे," चिमणाबाई खाटेवरून म्हणाली. कानाला फडकं बांधलेलं, अंगावर दोन शाली. "यंत्र न्हवं ते, ऊबखाई हाय. आमच्या अंगातली ऊब खाती आनि न्हानीत नेऊन वतती."

अबुजरला हसू फुटलं. "अवो मावशी, ते हवेतली उष्णता घेतंय, मानसातली न्हवं. डाकीन हाय व्हय ती?"

"हवेतली घेतंय म्हनं. आनि हवेत कुनाची आली? हितं चूल हाय का शेगडी हाय? आमी म्हाताऱ्याच हाय की सगळ्या."

"तुमी फ्रिज बगितलाय का कदी?" असं म्हणून त्यानं आपलं नेहमीचं भाषण सुरू केलं. अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं की कुणीच ऐकत नाही. बयाबाई आपली वाकळ घडी करत होती. तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्याच्याकडं न बघता ती म्हणाली, "चिमने, गप. पोरगं शिकल्यालं हाय."

हे आपल्या बाजूनं बोलणं आहे असं अबुजरला वाटलं. पाणी कोमट येतंय ना, मग यंत्र जास्त वेळ चालू राहील असं त्यानं करून ठेवलं, आणि दुपारच्या उन्हात अंगणात येऊन बसलेल्या म्हाताऱ्यांना हात करून तो निघून गेला. सगळ्याजणी अंगणात का बसतात, हे त्याच्या मनात आलं नाही. थंडीचे दिवस, ऊन खात असतील.

त्यानंतर एका हॉटेलात डीलर लोकांचं जेवण होतं. तांबडा-पांढरा रस्सा झाल्यावर कुणीतरी म्हणालं, शिकलगार, तुमी त्या नावांचं सांगा की. त्यानं माइक घेतला. वाऱ्याचा, विहिरीचा, भुईचा सांगून झालं. लोक हसत होते, तेव्हा त्याला वाटलं अजून थोडं हसवावं. "आता एक नवीन जात निगालीया," तो म्हणाला, "ऊबखाई." आणि त्यानं चिमणाबाईचा आवाज काढला. लोक टेबलं बडवू लागले. मग त्याला राहवलं नाही. त्यानं पुढ्यातला नॅपकिन डोक्यावरून घेतला, खांदे आखडले, हात पोटाशी धरून हुडहुडी भरल्यासारखं केलं आणि बारीक आवाजात खोकत खोकत म्हणाला, "माजी ऊब खाल्ली गं बया..." हे मात्र कुणी म्हटलेलं नव्हतं. हे त्यानं रचलं होतं.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि डीलरांच्या ग्रुपवर टाकलं. अबुजरनं घरी येऊन ते दोनदा पाहिलं. सबिनालाही दाखवलं. तिनं शेवटपर्यंत बघितलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

"ही तर बयामावशीची लकब," ती म्हणाली, आणि पीठ मळायला आत गेली.

संक्रांत झाल्यावर तो कागलला गेला होता, कृष्णात नावाच्या माणसाच्या गोठ्यावर. दुधाच्या किटल्या धुवायला गरम पाणी हवं होतं. कृष्णात अंगानं आडदांड, बोलायला सावकाश. गोठ्याला लागून एक बंद खोली होती, भिंतीपलीकडं वासरं बांधलेली.

"हितं बसवू," अबुजर म्हणाला. "सावलीत ऱ्हाईल, पाईपबी जवळ."

कृष्णातनं खोलीत डोकं घालून बघितलं. "हितली हवा गार हुनार न्हवं?"

"हुनार की. ज्याची उष्णता काढली ते गार पडनार."

"आनि भिंतीला ही भोकं हायती. पल्याड वासरं हायती माजी."

"मग?"

"मग काय, पावनं? बंद खोलीत हवा येनार कुठनं? भोकातनंच. म्हंजे वासरांच्या अंगची ऊब ह्यो तुमचा पंप वडून घेनार आनि माज्या किटल्यांस्नी देनार. वासरं गारठून मरतील की." तो हसला. "असं कोन बसवतंय व्हय?"

"न्हाय न्हाय," अबुजर म्हणाला, "असं कोन बसवील?"

आणि त्याच्या हातातली मोजपट्टी तशीच राहिली. कृष्णात काहीतरी विचारत होता, बाहेर मोकळ्यावर बसवलं तर पत्रा घालावा लागेल का. अबुजरला ते लांबून ऐकू येत होतं. वासरांच्या अंगची ऊब. शब्दसुद्धा तोच. चिमणाबाईनं सांगितलेलं आणि कृष्णातनं सांगितलेलं एकच होतं. फरक एवढाच की कृष्णातचं बोलणं त्याला पहिल्या झटक्यात पटलं होतं.

त्यानं मोजपट्टी गुंडाळली. उद्या येतो म्हणाला. हायवेनं कोल्हापूरकडं येताना तो एकच आशा धरून होता: आपली चूक होत असेल. कळंब्याची खोली मोठी आहे, एवढं नसेल झालं, म्हाताऱ्या माणसांना तशीही थंडी जास्त वाजते. कारणं त्यानं पुष्कळ जमवली. तलाव दिसायला लागला तसं एकेक कारण गळत गेलं.

मायघरच्या अंगणात सगळ्याजणी उन्हात बसल्या होत्या, भिंतीला पाठ लावून. तो त्यांच्याकडं गेला नाही. मागच्या दारानं सरळ आत गेला. खोली रिकामी होती. पलीकडं पडवीत यंत्र घुमत होतं. तो बयाबाईच्या खाटेवर बसला.

आधी काही वाटलं नाही. मग मानेवर गार पाण्याचा हात फिरावा तसं झालं. शर्टाच्या कॉलरमधून ते आत उतरलं, पाठीच्या मणक्यावरून खाली. त्यानं अंग आखडलं, हात पोटाशी घेतले. आपण कसे बसलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. नॅपकिन तेवढा डोक्यावर नव्हता.

"बस की," दारातून चिमणाबाई म्हणाली. ती तपकिरीची डबी न्यायला आली होती. "अजून जरा येळ बस. मग तुजीबी खाईल."

अबुजर उठू लागला.

"न्हाय, बस बस. बया बसती न्हवं रोज? तिनं तर जागा सोडली न्हाय."

"मावशीनं जागा बदलून घ्यायची की," तो म्हणाला. "पूर्णिमाताईंना सांगायचं."

"बदलून?" चिमणाबाईनं डबी उघडली, चिमूट घेतली, त्याला वाट बघायला लावली. "थंडी सुरू झाल्यावर आमी पाळी लावलीती. आठवडाभर एकीनं त्या खाटंवर झोपायचं, मग दुसरीनं. म्हंजे एकीच्याच हाडात गारठा नको जायला. पयली पाळी बयाची. आठवडा झाल्यावर मी म्हनलं, ऊठ, आता माजी. तर उटंना. म्हनली, माज्या पोरानं केलंय, मी सोशीन. तुमी कशाला सोसायचं?"

अबुजरनं झरोक्यापुढं हात धरला.

"आनि तुला सांगू देईना. म्हनली, त्येला कळलं तर त्येचं तोंड एवडंसं हुईल. गावात नाव हाय त्येचं." तिनं तपकीर ओढली. "तरी मी त्या दिवशी बोलले. तू हसलास. आनि मग त्या फोनमदी हसलास."

"कुठल्या फोनमदी?"

"पूर्नीमाच्या. कुनीतरी धाडलंतं तिला. ती म्हनली, तुमचा शिकलगार लै नकला करतोय बघा. आमी सगळ्यांनी बघितलं. मला हसू आलं बग, खोटं कशाला बोलू. माजा आवाज बराबर काडलास. पन दुसरं ते खोकल्यालं... बया बघत हुती की शेजारी बसून."

"मावशी काय म्हनली?"

"काय म्हननार? म्हनली, ल्हानपनापास्नं नकल्याच हाय त्यो."

ती बाहेर गेली. अबुजर पडवीत गेला आणि यंत्राचं बटण बंद केलं. घुमणं थांबल्यावर जी शांतता झाली तीही त्याला सहन होईना. त्यानं ताडपत्रीच्या गाठी सोडायला घेतल्या. आपणच इतक्या गच्च मारलेल्या की सुटेनात, शेवटी पान्ह्याच्या टोकानं उचकटल्या. मग तो अंगणात गेला.

बोलायला त्याच्यापाशी दुनियाभरचे शब्द असायचे. आता तो उन्हात उभा राहिला आणि चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "यंत्र चुकीच्या जागी बसलंय. माजी चूक हाय. तुमी म्हनत हुतासा ते खरं हुतं. ते खोलीतलीच ऊब घेत हुतं. उद्या गच्चीवर नेतो."

पूर्णिमाताई फाटकाशी कुणाशी तरी बोलत होत्या, त्यांनी फक्त मान वळवली. बयाबाई भिंतीशी, वाकळ गुडघ्यावर घेऊन बसली होती. चेहरा उतरलेला, ओठांना कोरड. एवढी वाळलेली ती त्याला आजवर दिसली नव्हती.

"हितं काय सांगतोस?" चिमणाबाई म्हणाली. "आमाला म्हाईतच हाय की. जितं हसीवलंस तितं सांग."

"चिमने," बयाबाई म्हणाली.

"का? नाव ठेवताना फोनमदी, आनि चूक कबूल करताना अंगनात व्हय?"

अबुजरनं फोन काढला. डीलरांच्या ग्रुपवर बोट दाबून धरलं आणि सगळ्याजणींसमोर बोलला. की मागं मी जो विनोद सांगितला, ऊबखाईचा, तो विनोद नव्हता. मी पंप बंद जागेत बसवला होता. त्या बायका बरोबर सांगत होत्या. त्यांच्या अंगातली ऊब जात होती, आणि मी तुम्हाला हसवत होतो. बोलताना त्याचा आवाज मध्येच कापला. त्यानं बोट सोडलं. निरोप गेला.

सगळ्या वाट बघत राहिल्या, जणू पलीकडून कुणी ओ देणार आहे. फोन वाजू लागला. एक, दुसरा, मग भराभर.

"काय म्हनत्यात?" चिमणाबाईनं विचारलं.

अबुजर बघत होता. हसून डोळ्यांतून पाणी काढणारे पिवळे चेहरे, ओळीच्या ओळी. 'शिकलगारसाहेब एक नंबर.' 'आवाज काय कापवलाय, वा.' 'ऊबखाई भाग दोन.'

बरोबर आहे म्हणतायत, असं सांगावं, असं त्याच्या ओठावर आलं. यांना वाचता येत नाही. दोन शब्दांत सगळं निभावलं असतं. पण चिमणाबाईनं हात पुढं केला होता, आणि त्यानं फोन दिला. तिनं तो डोळ्यांपासून लांब धरला. अक्षरं तिला येत नव्हती, पण त्या पिवळ्या तोंडांना अक्षरं कशाला लागतात?

"हसत्यात की," ती म्हणाली. यावेळी तिच्या आवाजात तिखटपणा नव्हता. तिनं फोन परत दिला. "आता तू रडलास तरी हसनार बाबा ते. तशी सवय लावलीयास."

अबुजर पायरीवर बसला. ऊन अंगावर होतं, तरी त्याचे हात थंड पडले होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळेना. मागून कुणीतरी भिंतीला धरून, थांबत थांबत उठल्याचं ऐकू आलं. मग त्याच्या खांद्यांवर वजन पडलं. जाड, जुनं, धुराच्या आणि खोबरेलाच्या वासाचं. तांबडा तुकडा त्याच्या छातीवर आला.

"हात बग कसं गार पडल्यात," बयाबाई म्हणाली.

"मावशी, नको. तुमाला पायजे ती."

"मी उन्हात हाय."

त्याला ती वाकळ काढून टाकता येईना आणि अंगावर ठेवताही येईना. ज्या माणसाची ऊब आपण सगळा हिवाळा काढून घेतली, त्याच माणसानं ती परत आणून आपल्याच अंगावर घालावी. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त शेजारी उभी होती, खोकत, आणि त्याच्या डोक्यावरचा तिचा हात खोकल्याबरोबर हलत होता.

"मावशी, घरी चला माज्या," तो म्हणाला.

"आता?" ती म्हणाली. त्याच्या खांद्यावरची वाकळ सारखी करत म्हणाली, "आता नको. हितं ह्या सगळ्या हायत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दोन माणसं आणून यंत्र दोरानं गच्चीवर चढवलं. तोवर पाण्याची सोय म्हणून पूर्णिमाताईंनी अडगळीतला तांब्याचा बंब बाहेर काढला होता. चिमणाबाई त्यात ढलप्या सारत म्हणाली, "ह्यो आपला बरा. लाकडं खातोय, मानसं न्हाय." सगळ्या हसल्या. अबुजरही हसू गेला, पण मध्येच थांबला. आपण हसावं की नाही, हे त्याला ठरवता आलं नाही.

गच्चीवर तलावावरचा वारा मोकळा वाहत होता. यंत्र सुरू केल्यावर गार हवा तिथल्या तिथं उडून गेली, आणि खाली पाणी आधीपेक्षा लवकर तापलं. इतकं सोपं होतं ते. चैत्रात केलं असतं तरी इतकंच सोपं होतं. सगळे पाईप जोडून झाल्यावर त्यानं पिशवीतली लोखंडी पट्टी काढली आणि पत्र्यावरचं आपलं नाव खरवडायला बसला. 'वाऱ्याचा पंप' ही अक्षरं राहू दिली. ती खोटी नव्हती. नावाचा रंग मात्र चिवट निघाला. पेंटरनं दोन हात दिले होते.

खाली मोटार थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी पाहुणे होते, देणगीदाराकडचे असावेत. पूर्णिमाताई त्यांना अंगणातून फिरवत होत्या. एका बाईचा आवाज आला, "अंघोळीला गरम पाणी मिळतं का हो आजी?"

"मिळतंय की," बयाबाईचा आवाज आला. खोकला, मग परत आवाज. "कडक मिळतंय. त्ये वर यंत्र हाय न्हवं, माज्या पोरानं बसिवलंय."

"हो का? कुठं असतो मुलगा?"

"वरच हाय. काम करायलाय. हाक मारू?"

अबुजरच्या हातातली पट्टी थांबली. नावातलं 'शिकलगार' गेलं होतं, 'अबुजर' अजून स्पष्ट होतं. तो यंत्रामागं वाकून बसला, नट आधीच घट्ट होते ते पुन्हा पान्ह्यानं आवळत राहिला, आणि मोटार फाटकाबाहेर गेल्याचं ऐकू येईपर्यंत खाली उतरला नाही.